फुलदाणीच्या बुडाची कडा

सांगली, ८ ऑक्टोबर १९७५

प्रिय जोतीराम,

गेल्या आठवड्यातलं माझं पत्र फाडून टाक. तुझ्या आजोबांची चिनी फुलदाणी दोनशे वर्षांची आहे, असं मी त्यात छातीठोकपणे लिहिलं होतं. ते चुकलं. ज्या संग्रहालयाला तू ती देणार आहेस, त्यांना इतक्यात काही कळवू नकोस. तीस वर्षं जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा गडी असा कसा घसरला म्हणून तू हसशील. हस बापड्या. मला मात्र तीन दिवस घास गिळवत नाही.

तुला आठवतं, तुझी आई त्या फुलदाणीत राख घालून भोपळ्याचं बी ठेवायची? शाळेत असताना आपण नुसता हात लावला तरी ती, माझी रंगूकाकी, ओरडायची, "ठिवा रं खाली, चीनच्या लढाईतनं आलीया ती!" ती राख अजून तळाशी होती. झाडली आणि फुलदाणी उपडी केली. बुडावर निळ्या रंगात कुठल्याशा राजाचं नाव होतं, पण त्यावर मी जात नाही. चिनी कुंभार जुन्या राजाचं नाव नव्या भांड्यावरही खुशाल घालायचे. खरं बोलते ती बुडाची कडा. तिथं झिलई नसते. वर्षानुवर्षं फळीवर टेकून, सरकून ती गुळगुळीत होते. फारशी न वापरलेली असेल तर खरखर लागते. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं मी जगाला सांगत आलो. उजव्या हाताचं बोट फिरवलं, तर कडा लोण्यासारखी. लगेच तुला पत्र टाकलं.

रविवारी झाडताना तुझ्या चंपावहिनीनं फुलदाणी उचलली आणि म्हणाली, "आवं, बोट खरचटलं की माझं! कानस हाय जणू." मी तिची थट्टा केली आणि पुन्हा बोट फिरवलं. लोणीच. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, डाव्या हाताचं बोट लावलं. खरखरीत. पुन्हा उजवं, पुन्हा डावं. असा किती वेळ बसलो होतो, सांगता येत नाही. लढाईवर गेलेल्या तुझ्या आजोबांनी ती चीनमधल्या बाजारातून नवीकोरीच आणली असणार, आणि नंतर ती राख पोटात घेऊन कोनाड्यात बसून राहिली. झिजणार कुठून?

माझ्या उजव्या कोपराजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा आहे. कातडीवरचं साधं शिबं समजून वर्षभर मलम चोळत होतो. परवा दुकानाचं दार लावून तिथं टाचणी टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. जोतीराम, मी फार घाबरलोय. त्या रोगाचं नावसुद्धा लिहवत नाही. दिवाळीनंतर चंदनबालाचा साखरपुडा आहे, इस्लामपूरची मंडळी येणार आहेत. उद्या कुणी बभ्रा केला तर पोरीचं जमलेलं मोडेल. तिच्या डोक्यावरून फिरायचा तो हाच हात. आता ती जवळ आली की मी तो धोतरात लपवतो. "आप्पा, रागावलाय व्हय?" असं तिनं काल विचारलं. मी वहीत तोंड खुपसून बसलो.

इथल्या डॉक्टरकडं जायची छाती होत नाही; दवाखान्याच्या बाकावर निम्मी पेठ बसलेली असते. तू लष्कराच्या दवाखान्यात असे रोगी सांभाळलेस, त्यांचे पाय धुतलेस. एकदा रजेवर आलास तेव्हा म्हणाला होतास, "लवकर कळलं तर गोळ्यांनी बरं हुतंय गड्या, लोक उगं भितात." ते वाक्य मी तीन दिवस घोकतोय. म्हणून हे पत्र. फुलदाणी न्यायच्या निमित्तानं ये, आणि मला मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन चल. घरात फुलदाणीचंच सांगू. मी स्टँडवर थांबेन. तू नेहमीसारखा हात पुढं करशील, मी माझा मागं घेईन. तेव्हा ऐकू नकोस, घट्ट धर. तुझी पकड मला कदाचित कळणार नाही. पण तू धरलास, एवढं दिसेल.

वाट पाहणारा, तुझाच
मदन