सुई नसलेलं औषध

पार्कसाईट, विक्रोळी

प्रिय आकाश,

तुझा फोन बंद, म्हणून पत्र लिहितेय. अंबादासमामा म्हणाले, "पोरी, तो फोनला हातच लावत नाही. तू लिहून पाठव, मी समोर बसून वाचायला लावतो." म्हणजे आत्ता मामा तुझ्यासमोर बसले असतील. त्यांना माझा जयभीम सांग आणि बाहेर चक्कर मारायला पाठव. हे तुझ्या एकट्यासाठी आहे.

आधी निधीचं सांगते. ती नाहूरला शकुमावशीकडे आहे. मजेत आहे. मावशीच्या बिल्डिंगची लिफ्ट परवा अडकली, तर बाईसाहेब वॉचमनला म्हणाल्या, "माझ्या पप्पांना बोलवा, ते मुंबईतल्या सगळ्या लिफ्ट नीट करतात." मावशी फोनवर हसत होती. मीही हसले. तुझ्यासारखीच भुवई उडवते रे ती. तिला तिकडे का ठेवलं, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगते, जरा धीर धर.

त्या किटच्या कार्यक्रमावरून तू इतका तुटलास, हे मला तेव्हा कळलंच नाही. टीबीच्या पेशंटला सकस खायला मिळावं म्हणून ते वाटप होतं, डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. वाईट कुठे होतं त्यात? पण वाटप करणाऱ्या त्या साहेबांना तुम्हा पेशंटबरोबर फोटो हवा होता. मास्क खाली घ्या, हसा जरा, असं म्हणत तुम्हाला रांगेत उभं केलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो, तू जिथल्या लिफ्ट सांभाळायचास, मुलुंडच्या त्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला. सेक्रेटरीने तुझ्या कंपनीला फोन केला, "हा माणूस आमच्या लिफ्टमध्ये नको." बंद डब्यात शिरून तू त्यांच्या लिफ्ट चालू केल्यास, रात्री-अपरात्री त्यांची म्हातारी माणसं बाहेर काढलीस, आणि एका फोटोवर तुझं काम गेलं. तू घरी येऊन ते किट दाराबाहेर ठेवलंस. मी आत घेतलं, तू परत बाहेर ठेवलंस. त्यावरून आपण भांडलो. मला वाटलं, तू डाळीवर चिडलायस.

मग तू गोळ्या सोडल्यास. म्हणालास, खंडूदादालाही असंच सांगितलं होतं, बरा होशील. मला तुझा थोरला भाऊ आठवत नाही असं वाटतं तुला? टीबीच्या त्या इंजेक्शनांनी त्याचे कान गेले तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आले होते. मी हाक मारायचे आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. बरं व्हायच्या आधीच कंटाळून त्याने सगळं सोडलं, आणि मग तो गेलाच. तू त्याला अंघोळ घातलीस, खांदा दिलास. तुझी भीती मला परकी नाही.

पण आकाश, ते औषध वेगळं होतं. आता सुई नाही, नुसत्या गोळ्या. दोन-दोन वर्षं रखडायचं तेही नाही, सहा महिन्यांत बहुतेकांचं संपतं. जान्हवीताई, आपल्या गल्लीच्या आशा सेविका, खुर्चीवर बसून मला पुन्हा पुन्हा समजावतात. मी त्यांना खोदून विचारलं, कान जातात का? त्या म्हणाल्या, "या गोळ्यांनी कान जात नाहीत. पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होऊ शकतं, म्हणून तर तपासण्या करतो." तुझ्या पायाला मुंग्या यायच्या, तू कोणाला बोलला नाहीस. बोलला असतास तर डॉक्टरांनी डोस बघितला असता. सगळं फुकट आहे, खाण्यासाठी खात्यात पैसेही येतात. पण तुझ्यासारख्या माणसाला शरमेशिवाय ते घेता यावं, एवढं मात्र कोणी बघितलं नाही.

डॉक्टरांना मी तुझ्याबद्दल विचारलं. मध्येच सोडल्यामुळे थुंकी पुन्हा तपासावी लागेल, कोणतं औषध अजून चालतं ते बघावं लागेल, म्हणाले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यांना आणा. उशीर करू नका." तिकडे मामांच्या मनमाडलाही सरकारी दवाखाना आहे, पण तू तिथे जात नाहीस, हे मामांनी सांगितलंय. मागच्या खोलीत पडून असतोस आणि शर्ट ढगळ झालाय, असं म्हणाले. मामांनाही तपासून घ्यायला सांग.

तू गेलास ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निधी अंगणवाडीत होती. तू पिशवी भरलीस आणि म्हणालास, "या एवढ्याशा खोलीत मी खोकत राहिलो तर तुम्हा दोघींना घेऊन बुडेन. मी लांब गेलेलंच बरं." मी दारात आडवी उभी राहिले. तू मला हात लावून बाजूलासुद्धा केलं नाहीस, मी आपोआप सरकेपर्यंत नुसता थांबलास. तेव्हा मला वाटलं, हा आमच्यावर प्रेम करतो म्हणून जातोय. अजूनही तसंच वाटतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात धजत नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी शिबिर लागलं. फोटोच्या कॅमेऱ्याएवढं एक्स-रेचं मशीन घेऊन पोरं आली होती. छातीसमोर धरलं की कॉम्प्युटर लगेच सांगतो, ठीक आहे की पुढे तपासायचं. जान्हवीताईंनी निधीला आणि मला ओढतच नेलं. निधीचं नीट निघालं, मोठ्या डॉक्टरांनीही बघून सांगितलं. माझं नीट निघालं नाही. थुंकी तपासली. तुझाच आजार आहे, तुझ्यासारखाच, साध्या औषधाला न जुमानणारा. म्हणून निधी नाहूरला आहे. स्वतःला दोष देऊ नकोस, शपथ आहे तुला. हा रोग विक्रोळीत कोणाला कुठून लागेल, काही सांगता येत नाही. पण तू ज्याच्यासाठी लांब गेलास ते कारण आता उरलं नाही रे. सोमवारी माझी पहिली गोळी आहे. ताईंनी विचारलं, घरी सोबत कोण असतं? मी म्हणाले, नवरा गावी गेलाय, येतोय. मी गोळ्या घेणार, निधीसाठी घेणारच. पण मी इकडे बरी होत जाईन आणि तू तिकडे मागच्या खोलीत संपत जाशील, हे माझ्याने सोसवणार नाही. तू रविवारीच निघ. मास्क लाव, खिडकीशी बस. स्टेशनवर मी घ्यायला येते. मला एकटीला बरं व्हायचं नाही, आकाश.

तुझ्यावर चिडलेली, घाबरलेली, तरी तुझीच,
शीतल