मामांचा गुडघा आणि गटारातला विषाणू

२० जानेवारी

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

अंथरुणातून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. एरवी माझा हात किती सरळ चालतो ते मी रंगवलेल्या भिंती सांगतील. गुडघ्यात धातूचा सांधा बसवला तेव्हा वाटलं होतं, अजून बरीच वर्षं शिडीवर चढेन. पण आत जंतू शिरले आणि ठाण मांडून बसले. सगळी औषधं झाली, कशालाच दाद देत नाहीत. काल डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, तेव्हाच मी काय ते समजलो. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष रक्तात भिनेल. मी विचारलं, मग विजारीला निम्मं कापड पुरेल का. त्या हसल्या नाहीत. तुझी मामी उठून गॅलरीत गेली.

तू प्रयोगशाळेत दिवसभर जंतूंच्याच संगतीत असतेस. त्यांना समजावणारं कोणी ओळखीचं असेल तर बघ. तुझ्या आईला एवढ्यात कळवू नकोस.

लोभ दोन्ही पायांवर असू दे.
तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

जंतूंना समजावणारं कोणी नाही, पण खाणारं आहे. आपल्याला जशी विषाणूमुळे सर्दी होते, तसे जिवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात. हा विषाणू जिवाणूच्या अंगावर उतरतो, आपली जनुकं आत टोचतो, आणि थोड्याच वेळात जिवाणू फुटून त्यातून नवे विषाणू बाहेर पडतात. प्रत्येकाचं खाणं ठरलेलं. माणसाच्या पेशींकडे तो ढुंकूनही पाहत नाही. कल्पना जुनीच आहे, प्रतिजैविकं आल्यावर मागे पडली. नवं ते हे, की आता त्यांची जनुकं वाचून, धोक्याचे बाजूला काढून, नेमका हवा तो निवडता येतो.

डॉक्टरीणबाईंशी माझं बोलणं झालं. त्यांनी जखमेतला नमुना पाठवला. तुमचे जंतू काचेच्या बशीत वाढवून आम्ही त्यांच्यावर एकेक विषाणू सोडत होतो. बशा तशाच गढूळ. काल मात्र एका बशीत स्वच्छ गोल ठिपके दिसले. तिथले जंतू संपले होते. हा विषाणू एका इस्पितळामागच्या गटारात सापडलाय. जिथे जंतू फार, तिथेच त्यांचे शत्रूही. परवानगीचं बाई बघतायत. पण हा अजून प्रयोगच आहे, मी खात्री देऊ शकत नाही. तुम्ही आणि मामी मिळून ठरवा.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची चिमणी

१८ फेब्रुवारी

चि. चिमणीस अ. उ. आशीर्वाद.

गटार हा शब्द येताच मामीने पत्र खाली ठेवलं. तिचं म्हणणं, जन्मभर घर घासूनपुसून ठेवलं ते नवऱ्याच्या पायात गटार ओतण्यासाठी नव्हे. मी सांगून पाहिलं की पाणी नाही, गाळून शुद्ध केलेला विषाणू तेवढा. तरी घुश्शातच. आज तिने डॉक्टरीणबाईंना गाठून एवढंच विचारलं, की त्यांच्या घरच्या माणसाचा पाय असता तर त्यांनी काय केलं असतं. बाई म्हणाल्या की आधी हेच करून पाहिलं असतं. मामीने सहीसाठी पेन माझ्या हातात दिलं.

परवानगी आली, उद्या सुरुवात. भीती वाटते. हे फक्त तुला.

आठवण काढत जा.
मामा

२ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

सूज उतरली म्हणून आम्ही खुशीत होतो, आणि तुमचा ताप परत चढल्याचं कळलं. मी जिन्यात बसून रडले. जंतूंनी रूप बदललं होतं, विषाणूला आता दाद देईनात. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, तुम्हाला कधी न पाहिलेल्या, सुट्टी सोडून येऊन ते बदललेले जंतू तपासले.

मामा, जंतूंना हा बदल महागात पडलाय. त्यांच्या अंगावर एक पंप असतो, औषध आत आलं की बाहेर फेकणारा. आपला विषाणू नेमका त्याच पंपाला धरून आत शिरायचा. त्याला चुकवायला त्यांनी पंपच मोडून टाकला. म्हणजे जे औषध तुम्हाला लागू पडत नव्हतं, तेच आता पडायला हवं. असं होतं हे अलीकडेच कळू लागलंय. बशीत तरी पडलं. डॉक्टरीणबाई आज सुरू करतील.

माझा जीव तिथेच आहे.
चिमणी

२० एप्रिल

चि. चिमणीस मामीचे खूप खूप आशीर्वाद.

ह्यांना लिहायला सांगितलं तर म्हणतात, तूच लिही, मला भरून येतं. म्हणून मी.

ताप गेला, जखम भरली. डॉक्टरीणबाई अजून तपासायला बोलावतात. गुडघा पूर्ण वाकत नाही, शिडी कायमची सुटली. ह्यांनी त्यावर तोडगा काढलाय. भिंतीचा खालचा भाग हे रंगवणार, वरचा जोडीदार, आणि वरचं काम कसं बिघडलंय ते खालून हे सांगणार.

मला आभार मानायचं जमत नाही. तुझ्या शेजारच्या बाईंसाठी स्वेटर विणतेय, त्यांच्या खांद्यांचं माप कळव. गटाराला मी काय बोलले ते मागे घेते.

एक सांगायचं होतं. इतके महिने ह्यांना धरून न्हाणीघरात मीच नेत होते. आज सकाळी हे भिंतीला हात लावत एकटे गेले, आणि दार ओढून आतून कडी लावली. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. काय करावं सुचेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की करायला काही नाही, तेव्हा जाऊन चहा ठेवला.

सुखात राहा.
तुझी मामी