दोघांत एक बास

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या व्हॅनवाल्याबरोबर म्हैस पाठवली आहे. तारीख बघून दचकू नकोस. एप्रिलचा पहिला रविवार अजून लांब आहे हे मलाही कळतं. दोघांच्या पहिल्या पगारांतून घेतलेली ही म्हशीएवढी जड बास गिटार माझ्या लग्नापासून सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे अशी नांदते आहे, आणि आजवर तिने मुदतीआधी घर बदललेलं नाही. पण माझा खांदा दुखतो. डॉक्टर म्हणाले, जड काही गळ्यात अडकवू नका. मी म्हटलं, माझ्या गळ्यात एक नवरा आणि एक म्हैस. त्यातली म्हैस तेवढी पाठवता येण्यासारखी आहे. तुझे भावोजी तिथेच बसले होते, त्यांना हसू आलं नाही.

आता एप्रिलमध्ये तिला न्यायला जंक्शनवर येण्याचं कारण उरलं नाही. तू उगाच रविवार मोडू नकोस.

तारा बदलशील तर याद राख. सपाट तारा जुन्या झाल्याशिवाय बोलायला लागत नाहीत, आणि तुला नव्याचा सोस. शेवटच्या खुंटीला थेंबभर तेल दे, ती कुरकुरते. भिंतीवर टांगताना तुझ्या पोरांच्या उंचीचा अंदाज घे.

बाकी क्षेम. चष्म्याच्या दुकानात मला बढती मिळाली आहे. भिंगं घासायच्या यंत्रावरून उठवून काउंटरवर बसवलं. दिवसभर लोकांना फ्रेमी दाखवते आणि प्रत्येकाला प्रत्येक फ्रेम शोभते असं सांगते. खोटं बोलण्यात हात चांगला बसला आहे.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. व्हॅनवाला खाली हॉर्न वाजवतो आहे.

लोभ आहेच, त्यात म्हशीचा वाटा वेगळा धरावा.

तुझी,
ताई

*

२३ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

म्हैस सुखरूप पोचली. खुंटीला तेल दिलं, तारांना हात लावलेला नाही. बायको म्हणते, मी वाजवायला बसलो की घरात लिफ्टची मोटर लावल्यासारखं वाटतं. तिला वाटतं ही तक्रार आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला याहून मोठी शाबासकी कुठली?

रविवारी तिला आमच्या बासवाल्यांच्या मंडळात नेली. छापखान्याच्या वरच्या खोलीत अजून तसेच जमतो आम्ही, कागदाच्या रिमांवर बसून. दंतवैद्यांनी त्यांची पाच तारांची बास छापखानेवाल्याला विकली, हे तुला कळवायचं राहिलं. विकली खरी, पण आता दर आठवड्याला व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यायच्या निमित्ताने तिला बघायला येतात. छापखानेवाला बोलून दाखवत होता की, अख्ख्या गावाचे दात काढले तरी संपायची नाहीत इतकी कार्डं त्यांच्याकडे झाली आहेत. मंडळाचं हे असं आहे. घेताना हावरे, विकताना हळवे.

म्हशीभोवती तर रांगच लागली. दंतवैद्यांनी तिच्या धडाच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवून जाड तार छेडली आणि डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, ही कानाने ऐकायची नाहीच, हाडाने ऐकायची. मी म्हटलं, हे आमच्या ताईने मला ही घेतली त्याच दिवशी शिकवलंय.

एक विचारतो, रागावू नकोस. म्हैस नसली तर भेटायचं नाही, असं काही आपलं ठरलं होतं का? जंक्शनवरच्या कँटीनच्या त्या बाकावर आपण नुसतेही बसू शकतो. आणि खांदा किती दुखतो ते नीट कळव. किती वजन चालेल, डॉक्टरांना विचारून ठेव.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

*

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. खांदा तसाच, वजन अजिबात चालत नाही. बरं. मग आता हे पत्र बसून वाच, कारण बातमी मोठी आहे.

मंडळात एक पाहुणा आला होता, प्रवासी बोटीवर बास वाजवणारा. आम्ही त्याचं नाव खलाशी ठेवलं. त्याच्याकडे एक आखूड मानेची, बुटकी, चेरीच्या रंगाची बास होती. मी उचलली तर हातात काही आलं आहे की नाही असं वाटलं. आवाज गोड, पडदे जवळजवळ, बोटांना ताण नाही. तिकडे खलाशाने म्हैस गळ्यात घातली ती दुपारभर काढलीच नाही. शेवटी त्यानेच विचारलं, अदलाबदल करतोस का?

मी नाही म्हणणार होतो. पण डोळ्यांसमोर तू आलीस, रिकाम्या खांद्याने काउंटरवर बसलेली. म्हैस माझ्या भिंतीवर टांगून तुझ्या काय कामाची? म्हणून हो म्हटलं. पेटीचं झाकण लावून पुन्हा एकदा उघडलं, खोटं कशाला सांगू. पण ताईला पुन्हा वाजवता आलं पाहिजे, एवढं एकच मनात होतं.

तर हे बुटकं चेरी रंगाचं वासरू तुझ्याकडे निघालं आहे, त्याच व्हॅनमधून. याचे सहा-सहा महिने नाहीत. हे तुझं एकटीचं. आता खांद्याची सबब चालायची नाही.

आशीर्वाद असू दे, आणि वाजवून झाल्यावर लगेच पत्र टाक.

तुझा,
धाकटा

*

१८ मार्च

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणताच. हे पत्र तुमच्या ताईच्या नकळत लिहितो आहे.

तिचा खांदा दुखत नाही. तिचा उजवा हात थरथरतो. वर्ष होऊन गेलं. डॉक्टर म्हणतात, नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढणारं. दुकानातली बढती तीच. दोन भिंगं हातून खराब झाली, तेव्हा तिने स्वतः जाऊन मालकांना सांगितलं की मला यंत्रावरून काढा.

तुमची म्हैस ती रोज संध्याकाळी भिंतीवरून काढायची. एके दिवशी वाजवताना बोट तारेवर थांबेना. एकाच सुराचे चार तुकडे झाले. तिने बास जागेवर टांगली आणि सकाळी व्हॅनवाल्याला बोलावलं. मी अडवलं नाही. वाटलं, डोळ्यांआड गेली तर बरंच.

पण झालं उलटंच. भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बघून ती मला म्हणायला लागली की वाजली नाही तरी चालेल, घरात असू दे. म्हैस इथे असताना कधीतरी मी जाड तार ओढायचो आणि ही शिंगावर हनुवटी टेकून ऐकायची. सुरांच्या बाबतीत मी दगड आहे, पण तार ओढायला अक्कल लागत नाही. ऑक्टोबरची वाट बघायची नाही, धाकट्याला खरं काय ते लिहून म्हैस परत मागवायची, असं तिने ठरवलं होतं. कागदसुद्धा काढून ठेवला होता. त्याच दिवशी वासरू आलं.

तिने पेटी उघडली. म्हणाली, छान आहे, हलकं आहे, धाकट्याने किती विचार केला. मग पेटीतला वेष्टनाचा कागद मांडीवर घेऊन कितीतरी वेळ त्याच्या घड्या सरळ करत बसली.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं. मला होतं, आणि मी गप्प बसलो. जमलं तर खलाशाला गाठा.

आपला लोभ या पत्राने कमी होणार नाही, अशी आशा धरतो.

आपला,
भावोजी

*

६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींवर रागावू नकोस. त्यांनी लिहिलं ते बरं केलं. मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण काहीतरी हातात घेऊनच लिहायचं होतं. ते आता होणार नाही.

खलाशाचा पत्ता छापखानेवाल्याने काढून दिला. बोट बंदरात होती, माणूस भेटला. वाईट नाही तो. म्हणाला, पहिल्याच फेरीत पाठ धरली, डेकवर उभं राहून इतकं वजन झेपेना, म्हणून बंदरावरच्या वाद्यांच्या दुकानात देऊन टाकली. तुझ्या खांद्याचं खोटं दुखणं त्याला खरं झालं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आपण जंक्शनवर असायचो त्याच दिवशी, मी त्या दुकानात उभा होतो. दंतवैद्य दवाखाना बंद ठेवून सोबत आले होते. दुकानदाराने शांतपणे सांगितलं की जुन्या बास अख्ख्या विकण्यापेक्षा सुट्या केलेल्या बऱ्या जातात. मान एकाने नेली. तारांचा आवाज पकडणारे पिकअप दुसऱ्याने नेले. खुंट्या कुठे गेल्या ते त्यालाही आठवेना. धड तेवढं मागच्या खोलीत होतं, हिरवा रंग मारून वाळत टांगलेलं, आणि तेही कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. मी धड उलटं करून पाठ बघितली. तुझ्या पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे वर आणि माझे खाली असायचे ना, तिथे पॉलिश पेपर फिरवून गुळगुळीत केलं होतं.

मी दुकानदाराशी भांडायला लागलो. दंतवैद्यांनी मला बाहेर आणलं आणि फूटपाथवर बसवलं. म्हणाले, त्याने चोरी केलेली नाही, तुम्ही दिली, त्याने घेतली. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

ताई, तुझा हात थरथरतो हे तू मला का नाही सांगितलंस? आणि मी तुला न विचारता तुझीही असलेली वस्तू का दिली? दोन्ही प्रश्न मीच घेऊन बसलो आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दोन ओळींचं कार्ड टाक.

तुझ्या मायेची जागा सोडून मला दुसरी नाही.

तुझा,
धाकटा

*

१४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझे भावोजी लिहीत आहेत. त्यांनी मध्ये स्वतःचं काही घातलं तर ते माझं समजू नकोस.

चार महिने गप्प राहिले, कारण मला राग आला होता. तो खोटा नव्हता. म्हशीचं धड हिरवं झालं हे वाचून मी पत्र उशीखाली घातलं आणि ठरवलं की याच्याशी बोलायचंच नाही. मग हळूहळू लक्षात आलं की रागवायला सोपा म्हणून मी तुला धरलं आहे. तू खांद्यासाठी केलंस, आणि खांदा मीच तुला सांगितला होता.

का सांगितला तेही ऐक. म्हैस जड झाली म्हणून मी व्हॅन बोलावली असं नाही. जंक्शनवर आपण चहा घेतो. तुझ्यासमोर कप उचलला असता तर तुला दिसलं असतं. पहिल्यांदा तुझं बोट धरून तारेवर ठेवणारा हात तुला तसा बघायला लागू नये, म्हणून मी भेटच मोडली. भेट मोडायची तर म्हैस आधीच पोचती करायला हवी होती. एवढंच. आता हात जास्त बिघडला आहे, आणि लपवायचा कंटाळा आला आहे.

वासरू गुणी आहे, पण माझ्याने वाजत नाही. नुसतं टांगून ठेवणं पाप आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जंक्शनवर ये. भावोजी ते घेऊन येतील. तुमच्या मंडळात ज्याला हवं असेल त्याला दे, पण जो रोज वाजवील त्यालाच.

(मेहुणेबुवा, ती पत्र सांगताना तीनदा थांबली. नक्की या. - भावोजी)

आशीर्वाद कमी पडणार नाहीत.

तुझी,
ताई

*

९ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलो. तुम्ही पोचल्याचं भावोजींचं कार्ड आज आलं.

कँटीनमध्ये तू कप दोन्ही हातांनी धरलास तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं, ते तुझ्या लक्षात आलं आणि तू मला दटावलंस की बघ, नीट बघ. मी बघितलं. त्याबद्दल एवढंच लिहितो.

बाकी जे झालं ते अजून हाताबोटांत आहे. भावोजींनी वासरू परत द्यायला पेटी उघडली, आणि तू सहज तुझा डावा हात त्याच्या मानेवर ठेवलास. तो हात अगदी शांत होता. बोटं आपापल्या पडद्यांवर जाऊन बसली. तू मला म्हणालीस की कडेला सरक, उजवा हात तुझा घाल. मग आपण दोघं एका बाकावर, एक बास दोघांच्या मांडीवर, तू सूर धरणार आणि मी तार ओढणार. पूर्वी आपण नाचाच्या बँडमध्ये वाजवायचो ती वॉल्ट्झची धून, जिच्या मधल्या वळणावर मी कायम घसरायचो. या खेपेला घसरलो नाही, कारण घसरायची बोटं तुझी होती. ॲम्प्लिफायर नव्हता, आवाज टेबलापलीकडे गेला नसेल. भावोजी मात्र टेबलाला कान लावून बसले होते.

संपल्यावर तू म्हणालीस, गोड आहे, पण हा तिचा आवाज नाही. मी मान डोलावली. नाहीच तो.

वासरू तू परत घेऊन गेलीस, ते बरं केलंस. मंडळाला सांगून टाकलं की त्याला गिऱ्हाईक मिळालं. इथून पुढे ते तुझ्याकडेच राहील आणि मी येत जाईन.

पण गाडीत बसल्यापासून एकच मनात घोळतं आहे. असं बसून वाजवता येतं, हे आपल्याला जानेवारीत सुचायला हवं होतं. म्हैस तुझ्या भिंतीवर होती. तुझा डावा हात होता, माझा उजवा होता. कुणी कुणाला विचारलं नाही.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा