चौकात उरलेली एकच खुर्ची

सान इल्देफोन्सो, युकातान
१९ मे

प्रिय रामीरो,

चौकाचा विषय निघाला की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

तू नवा चौक आखलास, फीत कापली गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं तू घरी फिरकला नाहीस. लोक हसतात म्हणून. हसतात, खोटं कशाला बोलू? तुझे ते पाठ नसलेले दगडी बाक असे तापतात की सरबतवाली ओब्दुलिया मला म्हणाली, "तुझ्या पोरानं बसायला बाक दिलेत की भाजायला तवे?" मी म्हटलं, "अगं, तो राजधानीत शिकलाय. तिकडे सावली कागदावर पडते."

पण खरी चूक उन्हाची नव्हे. तू आमच्या 'तू-नि-मी' खुर्च्या उचलायला लावल्यास. पांढऱ्या सिमेंटची जोडआसनं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. खांद्याला खांदा, तरी चेहरा समोर. तुझ्या बाकावर माणसं तारेवरच्या पाखरांसारखी ओळीनं बसतात. मनातलं सांगायचं तर मान वळवावी लागते, आणि आमच्या वयात मानेला स्वतःची मतं असतात.

पालिकेनं विसांतली एक खुर्ची आठवण म्हणून ठेवली. पूर्वी जो तो आपलं माणूस घेऊन यायचा. तुझे बाबा गेल्यावर मी तिथे बसणंच सोडलं; जोडखुर्चीत एकटीनं बसायचं म्हणजे शेजारची रिकामी जागा गावाला दाखवायची. आता मात्र एकाच खुर्चीला रांग, त्यामुळे अर्धी रिकामी ठेवायची चैन कुणालाच नाही. फेब्रुवारीत मी टेकले, तर पलीकडे डॉक्टर एउतिमियो येऊन आदळले. तेच दातांचे डॉक्टर, ज्यांच्या बोटाला तू सातव्या वर्षी कडकडून चावला होतास.

"रांग आहे, बाई, माझा नाइलाज आहे," म्हणाले.

"बसा," मी म्हटलं, "पण माझ्या तोंडात बघू नका."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते चीज घातलेली कुरकुरीत सुरळी आणतात, अर्धी मला देतात. त्यांची बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. इतकं बोलणारा माणूस आयुष्यभर लोकांचे जबडे उघडे ठेवून एकटाच कसा बोलत बसला असेल! आम्ही उठत नाही म्हणून परवा ओब्दुलिया ओरडली, "तिथेच लग्न लावताय की काय?"

तिथे नाही, चर्चमध्ये. सात जूनला, शनिवारी. मला हाताला धरून आत न्यायला तूच हवास, म्हणून हा सगळा पसारा लिहिला. तू आला नाहीस तर मी तारीख पुढे ढकलीन, आणि नवरदेव सदुसष्टचे आहेत, तेव्हा फार ताटकळवू नकोस. लोक टोमणे मारतील, मारू देत. तू एकोणीस खुर्च्या उचलल्या नसत्यास तर मी अजून घरात भिंतीकडे तोंड करून जेवत असते. हे मी ओब्दुलियालाही सांगितलं. तिनं लग्नाचं सरबत स्वतःच्या खर्चानं द्यायचं कबूल केलं.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई