परिच्छेद एकेचाळीसमधला मुलगा

१६ मे २०२४, गुरुवार

त्या बाईला मुलगा नाही.

फाइल परत पाठवायची म्हणून आवरत होते. वरच तिचं निवेदन होतं, सहज चाळलं — सहज! निकाल काल दिला आणि निवेदन आज चाळतेय. तिसऱ्या पानावर तिने लिहिलंय: 'मला एकच मुलगी. देश सोडून नऊ वर्षं झाली, परत पाऊल ठेवलं नाही.' आणि माझ्या निकालात, परिच्छेद ४१: 'अर्जदार मुलाच्या लग्नासाठी स्वतःहून मायदेशी गेली व सहा आठवडे राहिली. जिवाची भीती असती तर ती गेली नसती.' त्या एका परिच्छेदावर मी तिचा अर्ज फेटाळला.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. माझ्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे, तयार परिच्छेदांची. कायद्याची तीच ती वाक्यं दरवेळी कशाला लिहा, म्हणून जज झाल्यापासून साठवलेली. त्यात कधीतरी कुणाची तरी हकिगत घुसली. आणि मी गेल्या आठवड्यात तुंबलेले पाच निकाल उरकले. हो, उरकले. दुसरा शब्द नाही.

निर्वासितांच्या खटल्यात खरं नाव छापत नाहीत, त्यांच्या जिवाला धोका नको म्हणून. तीन अक्षरं आणि दोन आकडे. ही सीएलव्ही२१. समोर नाव असतं तर माझी बोटं थबकली असती का? बहाणा आहे हा. बहाणा आहे असंच लिहून ठेवते.

१७ मे

अपिलाला अठ्ठावीस दिवस. म्हणजे १२ जून. अपील झालं नाही तर तिला देश सोडावा लागेल. तिच्याकडे वकील नाही.

१९ मे, रविवार

मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर फिलोमिना आंटीने गाठलं. "लविना, दोन तारखेला गिरावीनच्या हॉलमध्ये तुझा सत्कार ठेवलाय. नाही म्हणायचं नाही हं! आपल्या वसईची पोर इथे परदेशात फेडरल जज, आणि आम्ही साधी शाल नाही घातली तुला. पप्पांची ती गोष्ट सांग परत."

माझा नवरा ऑगस्टिन माझ्या आधीच हो म्हणाला. गाडीत बसल्यावर त्याला परिच्छेद ४१चं सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, दूध संपलंय.

२२ मे

आता निकाल मला बदलता येत नाही, तो नोंदला गेला. एकच करता येतं — दोन्ही बाजूंना पत्र. 'परिच्छेद ४१ या अर्जदाराचा नाही, चूक माझी.' मग ती अपिलात ते दाखवू शकते. तीन ओळींचं पत्र. सकाळपासून कोरं पान उघडून बसलेय.

दुपारी पद्मा चहा घेऊन आली. माझं ऑफिस तीच बघते, कोर्टात तिची सव्वीस वर्षं झाली. मी चाचपून पाहिलं, एका निकालात जरा चुकीचं गेलंय म्हटलं. ती म्हणाली, "टायपो आहे ना, जज? स्लिप रूल लावू. एक ऑर्डर काढते, नो वरीज."

टायपिंगची चूक त्या नियमाने गुपचूप सुधारता येते. मी "बघू" म्हटलं. तिने कप उचलताना माझ्याकडे पाहिलं असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं! ती बिचारी कप उचलत होती.

पण त्या 'बघू'त मी तासभर घालवला, हे खरं. टायपो! परिच्छेद काढला तर खाली निकालाला टेकू उरत नाही. मी ते निवेदन वाचलंच नव्हतं. असलं दुरुस्त करणारा नियम अजून निघालेला नाही.

२६ मे, रविवार

भाषण लिहायला बसले. पप्पांची गोष्ट.

पप्पा वसईच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसत. प्रतिज्ञापत्रं टाइप करत. शेजारचे टायपिस्ट नमुने छापून ठेवत, मधल्या रिकाम्या जागी फक्त नाव भरायचं. पप्पा कधी ठेवत नसत. समोर माणूस बसला की मशीनमध्ये कोरा कागद चढवायचा आणि विचारायचं, "हं, पहिल्यापासून सांगा." दिवसाला त्यांची चार गिऱ्हाईकं, शेजाऱ्यांची वीस. मम्मी कुरकुरायची. पप्पा म्हणायचे, "दुसऱ्याचा सदरा घालून कोर्टात उभं करू का त्याला?"

जज म्हणून माझ्या शपथविधीला मी हीच गोष्ट सांगितली होती. कडक चेहऱ्याचे वकील डोळे पुसत होते. सात वर्षं मी या गोष्टीवर टाळ्या घेतेय. आणि ती फाइल मी शपथविधीनंतर दुसऱ्याच आठवड्यात उघडली.

लाज वाटते. मोठा शब्द सुचत नाही, तोच लिहिते. लाज वाटते, पप्पा.

२ जून, रविवार

सत्कार झाला. शाल, गुच्छ, आणि माझ्यासाठी सरप्राइज — आंटीने कुठूनसा जुना टाइपरायटर पैदा केला होता. "तुझ्या पप्पांची आठवण!" सगळे उभे राहिले. मी गोष्ट सांगितली. एक शब्दही बदलला नाही. 'दुसऱ्याचा सदरा'ला टाळ्या पडल्या, नेहमीसारख्या. मी हसून मान लववली, तीही नेहमीसारखीच.

घरी, कॅसल हिलला येईपर्यंत ते धूड माझ्या मांडीवर होतं. आता जेवणाच्या टेबलावर आहे. त्याच्यासमोर ताट घेऊन बसवत नाही.

५ जून

ऑगस्टिनला सगळं सांगितलं. तो बराच वेळ टाइपरायटरची बटणं दाबत राहिला.

"तू मुद्दाम तर केलं नाहीस ना?"

"नाही."

"मग थांब ना थोडं. बारा तारीख गेली की विषय संपला. उगाच पत्र पाठवशील, वरचं कोर्ट तुझ्या नावानिशी लिहील, पेपरात येईल. सात वर्षांवर पाणी."

मी चिडायला हवं होतं. मला बरं वाटलं! कुणीतरी ते माझ्याऐवजी बोललं म्हणून बरं वाटलं. मग भांडी घासताना विचारलं, "आणि ती बाई?" तो म्हणाला, "कुठली बाई? नाव काय तिचं?"

मलाही माहीत नव्हतं.

८ जून, शनिवार

चर्चमध्ये कन्फेशनला गेले, फादरांपुढे कबुली दिली. फादर शांतपणे ऐकत होते, मध्ये दोन प्रश्नही विचारले. म्हणाले, दुरुस्त करता येण्यासारखं असेल तर कर, आणि प्रायश्चित्त म्हणून नमो मरियाची प्रार्थना तीनदा म्हण. तिच्या निवेदनाला मी दिला नाही तेवढा वेळ त्यांनी मला दिला.

माफी मिळाली. ती बाई मात्र आहे तिथेच आहे.

११ जून, मंगळवार

पत्र लिहिलं. तीन ओळी. 'टंकलेखनातील त्रुटी' असं आधी आलं होतं, ते खोडून लिहिलं, 'मी अर्जदाराचे निवेदन वाचले नव्हते.' उद्या सकाळी पाठवायचं, पहिलं काम.

१२ जून

पत्र घेऊन पद्माकडे गेले, तर तिच्या हातात आधीच कागद. "जज, सीएलव्ही२१ने अपील केलंय. काल दुपारी आलं." म्हणजे मी पत्र खोडत बसले होते तेव्हा ती बाई कोर्टाच्या खिडकीशी रांगेत उभी होती. पत्र तरीही पाठवलं. पण आता त्याला काय किंमत? शूरपणा करायला गेले आणि तोही उशिरा.

अपिलाचं कारण हाताने लिहिलंय. बहुधा मुलीच्या अक्षरात, गोल गोल इंग्रजी. त्याचा अर्थ असा: 'परिच्छेद ४१ मधली बाई मी नाही. माझं परत वाचावं ही विनंती. आणि त्या बाईचंही बघावं. तिचं मला लागलं, तर माझं तिला लागलं असेल. माझ्यामुळे तिचं वाईट झालं असेल तर मला माफ करावं.'

माफी ती मागतेय!

ती दुसरी बाई कोण, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सत्तावीस दिवसांत एकदाही नाही.

१४ जून, शुक्रवार

माझे सात वर्षांचे सगळे निकाल उघडून ते वाक्य शोधलं. सीएलव्ही२१ धरून चार निकालांत आहे. चारही फायली मागवल्या आणि चौघींची निवेदनं पहिल्यापासून वाचली.

एकीलाही मुलगा नाही; तो परिच्छेद मुळात कुणाचा, ते सापडलंच नाही. दोघींना मायदेशी परत पाठवून झालंय.