चौदा गुणांचं घर

अचाओ, ९ एप्रिल

चि. यास्ना हिस ओनोफ्रेमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नावलीचे तीस कागद भरून घेऊन पाठवतो आहे. लाँचवरच वाटले. इंजिनाच्या आवाजात आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, असा माणसांचा समज असतो. मी मात्र त्यांचं ऐकत ऐकतच एका होडीच्या दोन लाँच केल्या. ‘जोडीदाराशी कायमचं नातं जोडायला मी तयार आहे’ या वाक्याला पाचांपैकी गुण द्यायचे म्हटल्यावर ओतिलिया म्हणाली, चौदा वर्षं झाली, तीन पोरं झाली, आता विद्यापीठ विचारायला आलंय.

तुझा रुबेन बटाटे काढायला आला होता. त्यानेही एक कागद भरला. त्याने घेतलेलं लाकडी घर आपल्या बेटाच्या रिवाजाप्रमाणे अख्खंच्या अख्खं पंचवीस मे रोजी बैलांनी ओढून ताईच्या, तुझ्या आईच्या, जागेवर आणायचं ठरलंय. चाळीस माणसं येणार. लग्नाआधी निदान छप्पर तरी जागेवर येईल. तब्येतीला जप, चहावर दिवस काढू नकोस.

तुझा,
ओनोफ्रेमामा

कन्सेप्सियोन, २ मे

ती. मामांस सा. न. वि. वि.

कागद मिळाले. त्यात रुबेनचं अक्षर ओळखलं. चाळीसपैकी चौदा. मामा, कागदावरची ही आठ वाक्यं मी दोन वर्षं घासूनपुसून केली आहेत. विसाच्या खालचा माणूस लग्नाला तयार नसतो, हे मी सभेत उभी राहून सांगते. आणि माझाच माणूस चौदा.

मी त्याला विचारलं, हे मनापासून लिहिलंस का. तो एवढंच म्हणाला की लिहिलं ते खरं आहे. मी अंगठी काढून ठेवली. घर ओढणं थांबवा. लोकांना काय सांगायचं ते तुम्हाला जमेल.

आपली,
यास्ना

अचाओ, ९ मे

चि. यास्ना, अ. आ. वि. वि.

पोरी, घोटाळा झालाय, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला. घर ओढायला माणूस हवा असला की आपण बैलवाल्या बाल्दोमेरोला विचारत नाही, त्याच्या बायकोला विचारतो. आपली खात्री आपणच दिली तर इथे लोक हसतात. तुझे कागद हातात पडल्यावर सगळ्यांनी तेच केलं. नवऱ्याने बायकोचा भरला, बायकोने नवऱ्याचा. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

रुबेनने भरला तो तुझा कागद. ते चौदा गुण तुझे आहेत. भरताना तो पेन चावत बसला होता, आणि मी त्याची थट्टा करत होतो. आता हसू येत नाही.

तुझी खुशाली कळव.
ओनोफ्रेमामा

कन्सेप्सियोन, १७ मे

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. मग कोरा कागद घेतला आणि स्वतःचा भरला, कुणी बघत नसताना भरतात तसा. सोळा आले. माझं गणित चोख आहे, मामा. त्याने फक्त दोन कमी दिले.

रुबेनला फोन करून विचारलं, एवढं ठाऊक होतं तर मागणी कशाला घातलीस. तो म्हणाला, “चौदा होते. शून्य तर नव्हते.” मी फोन ठेवला. अंगठी बोटात घालवतही नाही आणि परत पाठववतही नाही. माझी तयारी कितपत वाढेल, कधी वाढेल, ते माझ्या आठ वाक्यांत कुठेच नाही. घराचं निदान लांबणीवर टाका. एवढं कराच.

आपली,
यास्ना

अचाओ, २६ मे

चि. यास्ना, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. तसाच बाल्दोमेरोकडे गेलो. त्याची बायको म्हणाली, मुलीच्या वतीने आम्ही केव्हाच हो म्हटलंय, तिला कशाला विचारायचं. ओतिलियानेही तेच ऐकवलं. सात घरं फिरलो. माझ्या बोलण्यावर आजवर माणसं भर वादळात लाँचमध्ये चढली आहेत, पण या वेळी एकानेही ऐकलं नाही.

काल बारा बैलजोड्या लावल्या. रुबेन दोर धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. तुझं काय उत्तर आलं, ते त्याला हवं होतं. मी खाली पाहिलं. मग कुणीतरी हाळी दिली आणि घर हललं.

आता ते ताईच्या जागेवर उभं आहे. खिडकीची एक काच तडकली, बाकी धड आहे. रुबेनने कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली, तिची आहे म्हणाला, आणि संध्याकाळच्या लाँचने गेला. त्याच्याकडून मी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. त्याच्यासाठी याहून जास्त काही करता आलं नाही.

तू ये किंवा येऊ नकोस, मी शब्दाने विचारणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, की हे घर परत ओढून न्यायला इथे कुणी येणार नाही.

माया आहे तशीच राहू दे.
ओनोफ्रेमामा