तांबडी, म्हातारी आणि कुसुमची वरात

सोम. ७ मार्च १९४९
म्हातारीने आज सातव्यांदा हँडल फिरवल्यावर आवाज दिला. मनगट दुखतंय. काल धुतली म्हणून रुसली असावी. गाडी आहे पण मिजास सासूची.

दहाच्या सुमारास मधुकरराव आले खालापूरहून, नवी मोटार दाखवायला. आमच्या लेकीचं, कुसुमचं, त्यांच्याशी लग्न मे महिन्यात, हे आधीच गाडी घेऊन मोकळे. तांबडी, बुटकी, दोनच माणसांची. गिरणी बंद ठेवून सगळे बाहेर. भात कांडायला आलेले लोकही. आमचा मिस्त्री धोंडू दोनदा भोवती फिरला नि म्हणाला, "शेठ, उरल्याली गाडी मागनं येतीय का?"
मधुकरराव सगळ्यांत मोठ्याने हसले. जावई बरा मिळाला.

गुरु. १०
तांबडीत बसलो. बसलो कसला, पडलो. चौक गावच्या रस्त्याला टोपी उडाली. मागे जाऊन आणली, पुन्हा उडाली. दुसऱ्यांदा सोडून दिली.

खरं लिहायचं तर, तांबडी बटण दाबलं की सुरू. म्हा. हँडलवर, तेही मर्जी असेल तर. तांबडी ब्रेक दाबताच थांबते. म्हा.ला गिरणीशी थांबवायचं तर अलीकडच्या वडापासून विचार सुरू करावा लागतो. पेट्रोलची कुपनं तांबडीला महिनाभर पुरतात. म्हा.ची दहा तारखेलाच संपलेली असतात, म्हणजे आजच. पन्नाशी उलटली माझी, आणि वाऱ्यात चक्क ओरडलो. फार मजा आली.
सौ.ला काही सांगितलं नाही. तिला टोपीवरून कळलं.

रवि. २०
मधुकरराव जेवायला होते. पुरणपोळी. मध्येच म्हणाले, "मामा, वरात तांबडीतून न्यावी म्हणतो. चालेल ना?"
मी म्हटलं, चालेल की. दुसरं काय म्हणणार. कु. ताटाकडे बघून हसली.

म्हा. घेतली तेव्हा कु. तीन वर्षांची. मांडीवर बसून भोंगा दाबायची. सोळाव्या वर्षी गाडी शिकवली, भात कापल्यावर मोकळ्या खाचरांत. दोन बांध मोडले. आमच्या दहिवलीपासून कोंडाणे गावापर्यंत कुणाचं लग्न असलं की लोक म्हा. मागायला येतात. किती जणांच्या लेकी सासरी पोचवल्या मी हिच्यातून, फुलं बांधून. आणि आपली स्वतःची…
जाऊ दे. मुलीला हौस आहे. नवी ती नवी.

रवि. ३ एप्रिल
पत्रिका द्यायला कोंडाणे गावी. दोन्ही गाड्या, मधुकररावांचा हट्ट. पुढे तांबडी, मागे मी, सौ. आणि कु.
कर्जत सोडून गाडीवाट लागली. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मध्ये उंचवटा. म्हा.ची चाकं चाकोरीत बरोब्बर बसतात, हात सोडले तरी सरळ जाते. तांबडीची चाकं जवळजवळ. एक चाकोरीत, एक उंचवट्यावर. थोडी तिरपी चालली, मग पोट टेकून बसली. चाकं हवेत गरगर.

मोळ्या घेऊन ठाकरवाडीच्या बाया येत होत्या. मोळ्या उतरवून बघत बसल्या. त्यांतली एक वयस्कर बाई वाकून खाली बघून म्हणाली, "प्वाट टेकलंय हिचं. गाभण हाय का गं?"
हसून हसून सौ.च्या डोळ्यांत पाणी. त्याच बायांनी पुढून रेटा दिला, म्हा.ने मागून दोरखंडाने ओढली, निघाली. मधुकररावांना गुडघ्यापर्यंत लाल माती. म्हणाले, "मामा, तुमची मोटार बैलांच्या हाताखाली शिकलीय."
मला झोप लागेना आनंदाने. इतका आनंद बरा नव्हे, जावयाची गाडी अडकल्याचा.

गुरु. १४
आक्का आली पेणहून. माझी थोरली बहीण, कु.ची आत्या. पाठराखीण म्हणून सासरी पहिला आठवडा कु.बरोबर तीच राहणार. आल्याआल्या विचारलं, "मी कुटं बसायची?"
कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तांबडीत नवरा-नवरी बसले की संपलं.
मी: तू माझ्याबरोबर, मागून, म्हातारीतून.
आक्का: "म्हंजे वरातीची धूळ खात? मी पाठराखीण हाय रं, पाठलाग नाय करायची."
कु. तिला आत घेऊन गेली. बराच वेळ दोघींची कुजबुज. बाहेर आल्या तेव्हा आक्का गप्प. आक्का गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय.

शनि. ३०
मांडव घातला. रुखवताचे लाडू मोजून ठेवलेत, तरी कमी होताहेत. सौ.चा माझ्यावर संशय. बरोबर आहे.

दुपारी म्हा.च्या दिव्यांची पितळी कडी चिंचेने घासली. धोंडू: "शेठ, ही तर मागंच ऱ्हानार. कोन बगतंय?" मी म्हटलं, मी बघतोय. मग तोही चिंच घेऊन बसला.
कु. पडवीत उभी होती. आमच्याकडे बघत होती.

गुरु. ५ मे
लग्न झालं. कु. गेली. उद्या लिहीन, आज अक्षर नीट येत नाही.

शुक्र. ६
आता नीट लिहितो.

दुपारी निघायची वेळ. तांबडीला झेंडूच्या माळा. मधुकरराव फेटा सावरत स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. कु. सगळ्यांच्या पाया पडली. सौ.च्या गळ्यात पडून रडली, मी मांडवाचा खांब बघत राहिलो. तेवढ्यात आक्का तरातरा गेली आणि तांबडीत जावयाशेजारी बसली. पिशवी मांडीवर घट्ट.
लोक ओरडले, आक्का, नवरीची जागा! "नवरी येतीय तिच्या गाडीतनं," आक्का म्हणाली. "मला वारा लागू द्या जरा. चला हो जावईबापू."
मधुकरराव मान खाली घालून हसत होते. त्यांना ठाऊक होतं. धोंडूसकट घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

कु. म्हा.कडे आली. शालू खोचला, मुंडावळ्या मागे सारल्या, चाकाशी बसली. म्हणाली, "बाबा, हँडल मारा."
मांडव सगळा गाडीभोवती. मग कुणीतरी म्हणालं, नवरी मोटार हाकणार? आमच्या भटजींनी घड्याळ बघितलं नि म्हणाले, शास्त्रात मोटारीबद्दल काही नाही.
मारलं हँडल. पहिल्याच फटक्याला सुरू. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मी शेजारी बसलो. हँडल मांडीवर. गिरणीच्या वळणाला तिने वडाशीच ब्रेकचा विचार केला, मी शिकवल्यासारखा. पुढे म्हणाली, "दिव्यांची कडी छान निघाली." एवढंच. मग मी रडलो. ती समोर बघून गाडी चालवत राहिली, पोरीने नजर हटवली नाही रस्त्यावरून.
खालापूरच्या वेशीवर आक्काला उतरवून कु. तांबडीत बसली. वाजंत्री सुरू झाली. मी आणि आक्का मागे म्हा.त. धूळ खाल्ली. गोड लागली.

गुरु. १२
मांडवपरतणी, लेक पहिल्यांदा माहेरी. मधुकररावांनी तांबडीतून आधी आक्काला आणून सोडलं, मग कु.ला आणलं. आक्काला आता म्हा. हळू वाटते.

निघताना कु. म्हणाली, "बाबा, म्हातारी नेऊ का? यांच्या मळ्याची वाट गाडीवाटच आहे. तांबडी रोज बसते."
मधुकरराव: "तोवर तांबडी तुमच्याकडे राहू दे, मामा. परत बदलायचं पावसाआधी बघू."
मी म्हटलं, न्या. तोंडातून निघूनच गेलं. आक्काला तिकडून पुढे पेणला जायचं, ती मागच्या बाकावर पसरून बसली. वळणावर कु.ने भोंगा दाबला, दोनदा. लहानपणी दाबायची तसा.

शुक्र. १३
सकाळी गिरणीवर निघालो, सवयीने म्हा.चं जादा हँडल हातात. बाहेर तांबडी. हिला नुसतं बटण.
दाबलं. सुरू झाली. हँडल ठेवायला हिच्यात जागा नाही म्हणून शेजारच्या बाकावर ठेवलं. पावसाआधी बघू म्हणाले. वीसेक दिवस आहेत. टोपीला बंद लावून दे, असं सौ.ला सांगितलंय.